लोभ, जमीनजुमला आणि सुख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या मागच्या खोलीत मी मोठ्या मुलांना धर्मशिक्षण देतो. गाव वेंगुर्ल्याच्या बाजूचं, समुद्र चालत दहा मिनिटांवर. मुलं प्रश्न विचारतात, मग त्यांचे आईबाप विचारतात, कधी शेजारच्या घरांतली मंडळीही गडग्यापलीकडून, म्हणजे दगडी कुंपणापलीकडून, विचारतात. ते सगळे मी वहीत टिपत गेलो. त्यांतले पैसा, जमीन आणि लोभ यांविषयीचे इथे घेतले आहेत. उत्तरं कॅथलिक शिकवणुकीला धरून आहेत. जिथे मत माझं आहे, तिथे तसं म्हटलं आहे. मी फादर नाही आणि वकीलही नाही.

येशूने लोभाबद्दल नेमकं काय सांगितलं?

सांगितलं ते वाटणीच्या भांडणावरून. म्हणून कोकणातल्या माणसाला ते समजावून द्यावं लागत नाही. लूकच्या शुभवर्तमानात, बाराव्या अध्यायात, गर्दीतला एकजण म्हणतो: गुरुजी, माझ्या भावाला सांगा, वडिलांच्या मिळकतीतला माझा वाटा मला दे. येशू त्याला झटकून टाकतो. तुमच्या वाटण्या करायला मला कोणी नेमलं? आणि मग सगळ्यांकडे वळून बजावतो की हर तऱ्हेच्या लोभापासून जपा. कोणाकडे कितीही असो, त्याचं जगणं त्या असण्यातून येत नाही.

इथे लोभासाठी जो ग्रीक शब्द आहे, प्लेओनेक्सिया, त्याचा सरळ अर्थ ‘जास्त असणं’. आपल्या बोलीत ‘आणखी’. त्या माणसाचा दावा खोटा होता असं येशू कुठेही म्हणत नाही. वाटा त्याचा असेलही. पण त्याला येशूकडून हवं होतं ते फक्त भावाविरुद्धचं एक वजनदार माणूस.

त्यानंतरचा दाखला सर्वांना माहीत आहे. एका श्रीमंताची जमीन भरघोस पिकली. लूकने लिहिलंय ते असंच: जमीन पिकली. त्याने चोरी केली नाही, कोणाला लुबाडलं नाही. ठेवायला जागा पुरेना, तेव्हा तो मनाशी म्हणतो, माझी कोठारं पाडून मोठी बांधीन, माझं धान्य, माझा माल त्यांत भरीन, आणि माझ्या जिवाला सांगेन, बाबा, खा, पी, मजा कर. त्याच रात्री देव म्हणतो, मूर्खा, आज तुझा प्राण मागून घेतील, मग हे सगळं कोणाचं? मुलांना मी विचारतो की या गोष्टीत दुसरं माणूस किती वेळा बोलतं. एकदाही नाही. बायको नाही, गडी नाही, शेजारी नाही. घराची कौलं परतायची झाली तरी आपण चार माणसांना हाक मारतो. हा बाबा आयुष्याचा बेत ठरवतो आणि त्याला विचारायला स्वतःखेरीज कोणी सापडत नाही.

आमच्या घराच्या आणि चुलत्यांच्या हिश्शामधल्या गडग्यावर एक बरका फणस आहे. त्याच्यापायी दोन घरं अकरा वर्षं बोलत नव्हती. त्याविषयी शेवटी.

दहा आज्ञांत लोभाविषयीची आज्ञा कितवी?

कॅथलिकांच्या मोजणीत नववी आणि दहावी, बहुतेक प्रॉटेस्टंटांच्या मोजणीत एकच, दहावी. मजकूर तोच आहे, जुन्या करारातल्या निर्गमच्या विसाव्या अध्यायातला. फक्त आकडे घालण्याची पद्धत वेगळी. परीक्षेत मुलं इथे हमखास चुकतात.

पैसा वाईट आहे का?

नाही. ‘पैसा सगळ्या वाईटाचं मूळ’ असं बायबलमध्ये आहे म्हणून लोक सांगतात, ते अर्धवट आहे. प्रेषित पौलाने आपल्या सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिलं ते पैशाच्या लोभाबद्दल. कॅथलिक शिकवण खासगी मालमत्ता मान्य करते, पण एका अटीवर: पृथ्वीवरचं सगळं मुळात सगळ्या माणसांसाठी आहे आणि माझ्या नावावरचं माझ्याकडे राखणीला दिलेलं आहे. सातबाऱ्यावर माझं नाव आहे, एवढ्याने गोष्ट संपत नाही. चौथ्या शतकात, दुष्काळाच्या दिवसांत, कैसरियाच्या संत बासिलने याच कोठाराच्या दाखल्यावर प्रवचन करताना सांगितलं की तू अडवून ठेवलेली भाकर उपाशी माणसाची आहे आणि पेटीत ठेवलेला अंगरखा उघड्याचा. या वाक्यात त्याने ‘दान कर’ असंही म्हटलं नाही, ‘त्याचं आहे’ असं म्हटलं. वर्गात हे वाचलं की थोडा वेळ कोणी काही बोलत नाही.

आम्ही पावसाळ्याची बेगमी करतो. तोही लोभ का?

हा प्रश्न एका आजींनी विचारला आणि मला तो या वहीतला सगळ्यात चांगला प्रश्न वाटतो.

मे महिन्यात आपल्या घरात काय काय भरलं जातं ते पाहा. सुके बांगडे, सुकट, आमसुलं, फणसाची साटं, खारातल्या कैऱ्या, तांदूळ, शेणी, लाकडं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी, समुद्र खवळलेला, ताजी मासळी चुकून कधी. बेगमी केली नाही तर पोरं काय खाणार? बायबलही साठवणुकीला नावं ठेवत नाही. योसेफाने मिसर देशात सात सुकाळी वर्षांचं धान्य राखून पुढच्या सात दुष्काळी वर्षांत लोकांना जगवलं. नीतिसूत्रांत आळशाला मुंगीकडे पाठवलंय, बघ म्हणून, उन्हाळ्यात कशी जमवते ती.

आणि दुसरीकडे मान्ना. रानात इस्राएली लोकांना रोज सकाळी वरून अन्न मिळे, ज्याने त्याने दिवसापुरतं वेचायचं. काहींनी उद्यासाठी ठेवलं. त्यात किडे पडले आणि घाण सुटली. शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी मात्र दुप्पट वेचायला सांगितलं होतं आणि ते टिकलं. म्हणजे ठेवणं हा गुन्हा नव्हता.

मग फरक कुठे? माझं उत्तर असं: बेगमीला माप असतं. चार महिने, घरात इतकी माणसं, इतके तांदूळ. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात गेल्या की डब्याच्या तळाशी उरलेली सुकट आपण आनंदाने संपवतो. दाखल्यातल्या माणसाच्या कोठाराला माप नव्हतं. ‘पुष्कळ वर्षांसाठी’ एवढंच तो म्हणतो. आणखी एक फरक. बेगमीतलं शेजारी जातं. कोणाकडे आमसुलं कमी पडली तर वाटीभर देताना आपण वहीत लिहीत नाही.

आजींना हे उत्तर पटलं. त्या म्हणाल्या, “मगे फ्रीजरचा काय?” त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

श्रीमंत माणूस स्वर्गात जाणारच नाही का? सुईच्या नेढ्यातून उंट?

श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं, हे येशूने म्हटलंय तेवढंच कडक घ्या. यरुशलेममध्ये ‘सुईचं नेढं’ नावाचा एक छोटा दरवाजा होता, उंट गुडघे टेकून त्यातून जाई, असं प्रवचनांत ऐकू येतं. अशा दरवाजाला काही पुरावा नाही. शतकांनंतर कोणीतरी केलेली ती सोय आहे. शिष्यही दचकून विचारतात, मग तारण कोणाचं होणार? उत्तर येतं, माणसाला अशक्य, देवाला शक्य.

पण सर्वांना एकच हुकूम नाही, हेही लक्षात घ्या. ज्याच्यावरून हे वाक्य आलं त्या श्रीमंत तरुणाला सगळं विकून मागे यायला सांगितलं. जक्कय नावाच्या जकातदाराकडे येशू पाहुणा गेला, आणि त्याने अर्धं देतो म्हटलं. मार्था आणि मरीया या बहिणी बेथानीत घर राखून होत्या, त्यांना कोणी घर विकायला सांगितलं नाही. येशूला ज्या कबरेत ठेवलं ती अरिमथाईच्या योसेफाची, आणि तो श्रीमंत होता असं मत्तय मुद्दाम लिहितो. तरुणाला सोडायला सांगितलं ते बहुधा त्याला जे सोडवत नव्हतं तेच.

वाटणीसाठी कोर्टात जाणं पाप आहे का?

पौलाने करिंथच्या लोकांना खडसावलं होतं: आपसातले खटले बाहेर नेता, त्यापेक्षा थोडं नुकसान का सोसत नाही? वाक्य चांगलं आहे. पण आमच्याकडे ते वाक्य नेहमी एकाच दिशेने वापरलं जातं, बहिणींकडे बघून.

लग्न होऊन गेलेल्या मुलीला तालुक्याला बोलवायचं, साडीचोळी द्यायची, जेवू घालायचं आणि हक्कसोड पत्रावर सही घ्यायची, हा प्रकार ख्रिस्ती घरांतही आहे. माझ्या आत्याची सही अशीच घेतली. ती म्हातारपणी मला म्हणाली, “माका कायच नको होता. पण माका कोणी इचारूक तरी होया होता.” सोडणं ही ख्रिस्ती गोष्ट खरी, पण ती सोडणाऱ्याने ठरवायची असते. दुसऱ्याला सोडायला लावणं याला लोभच म्हणतात, मग त्यावर कितीही प्रेमाची पुटं चढवा.

बायबलमधली गोष्ट अशा वेळी मी सांगतो, कारण ती फारशी कोणाला ठाऊक नसते. गणना, अध्याय सत्तावीस. सलाफहाद मुलगा न होता मेला. त्याच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा, सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहून मोशेला म्हणाल्या, आमच्या बापाच्या भाऊबंदांत आम्हालाही वतन द्या. मोशेने देवाला विचारलं. देव म्हणाला, मुलींचं म्हणणं बरोबर आहे. पाचही जणींची नावं तिथे लिहिलेली आहेत, हे मला विशेष वाटतं. दावा लावणाऱ्या बायकांची नावं आपल्याकडे सहसा वेगळ्या सुरात घेतात.

कायद्याचंही थोडक्यात. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर मागे राहिलेल्या पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलगे-मुलींत सारखं. गोव्यातला कायदा वेगळा आहे, तिथल्या नातेवाइकांचं ऐकून इथला हिशेब करू नका.

तेव्हा, कोर्टात जाणं हेच पाप नाही. आधी चार माणसांत बसा, फादरना बोलवा. आणि ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्याने पौलाचं वाक्य दुसऱ्याला ऐकवू नये.

किनाऱ्यालगतची जागा विकत घ्यायला माणसं येतात, भाव चांगला देतात. विकावी का?

विकणं पाप नाही. मुलीचं शिक्षण, आजारपण, कर्ज, कारणं असतात आणि ती ज्याची त्याला माहीत.

पण नाबोथाची गोष्ट वाचून मग ठरवा. अहाब राजाच्या वाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा. राजाला तिथे भाजीपाला लावायचा होता. भाव रास्त देत होता, बदल्यात याहून चांगला मळाही देत होता. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन मी देणार नाही. राजा घरी जाऊन तोंड फिरवून पडला, जेवेना. एवढं राज्य असलेला माणूस भाजीच्या वाफ्यासाठी उपाशी राहतो, लोभाचं याहून नेमकं चित्र मला माहीत नाही. पुढे राणी ईजबेलने दोन खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला दगडांनी मारलं आणि राजा ताबा घ्यायला उतरला. तिथे संदेष्टा एलीया उभा होता. खून केलास आणि ताबाही घेतलास?

एजंट येतो तेव्हा सामाईक सातबाऱ्यावरचं कोणतं नाव मुंबईत आहे आणि कोणतं नाव म्हातारं आहे, याची त्याला आधीच माहिती असते. सही करण्याआधी ती नावं आपण मोजावी.

सगळं सोडून मागे चला म्हणजे होड्या सोडायच्या का?

लूकच्या पाचव्या अध्यायात पेत्र रात्रभर जाळी टाकून रिकामा आला आहे. येशूच्या सांगण्यावरून पुन्हा जाळी टाकतो आणि दोन होड्या बुडायला येतील इतकी मासळी लागते. आणि त्याच दिवशी ते सगळं सोडून जातात. धंदा बसला म्हणून गेले नाहीत, आयुष्यातला सगळ्यात मोठा घास लागला त्या दिवशी गेले. वर्गातल्या एका मच्छीमाराच्या मुलाने विचारलं, “सर, त्या मासळीचा काय झाला?” लूक सांगत नाही. याकोब आणि योहान गेले तेव्हा बाप जब्दी होडीत गड्यांबरोबर राहिला, एवढं मार्कने नोंदवलंय. कोणीतरी मासळी वाटली असणार. आणि पुनरुत्थानानंतर पेत्र परत मासे मारायलाच गेला, तेव्हा येशूने किनाऱ्यावर निखारे पेटवून ठेवले होते.

धंदा सोडायचा नाही, धंद्यातलं माप सोडायचं नाही. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढण्यात, हे आपल्या लोकांनी फार पूर्वी बसवलं. जाळं ज्यांचं त्यांचा वाटा, होडीचा वाटा, दोर ओढायला हात लावणाऱ्याचाही वाटा. वाटेने जाणारा पोरगा येऊन ओढू लागला तरी तो रिकाम्या हाताने जात नाही. याउलट रात्री एलईडीचे दिवे सोडून, बंदी असताना, बारीक आसाच्या जाळ्याने पिल्लंसुद्धा उचलणं. पुढच्या वर्षीचा बांगडा आजच विकून टाकायचा. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये पृथ्वीच्या काळजीविषयी परिपत्रक काढलं, त्यात सृष्टीच्या नासाडीला पाप म्हणणारं वचन उद्धृत केलं आहे. याला मी पाप म्हणतो तेव्हा पालक सभेत दोघेतिघे उठून बाहेर तंबाखू मळायला जातात.

विश्वास ठेवला तर देव धनदौलत देतो, असं काही प्रचारक सांगतात. खरं का?

येशूला डोकं टेकायला जागा नव्हती. पौल उपाशी राहिला, फटके खाल्ले, तीनदा त्याचं गलबत फुटलं. त्यांचा विश्वास कमी पडला असं म्हणायचं असेल तर म्हणा.

दशांश द्यावाच लागतो का?

जुन्या करारात दशांश आहे. नव्या करारात आकडा नाही. मनात ठरवून, कुरकुर न करता, सक्तीने नव्हे, असं पौल सांगतो. कॅथलिक शिकवण ऐपतीप्रमाणे चर्चला हातभार लावा म्हणते. फेस्ताची, म्हणजे चर्चच्या सणाची, वर्गणी हा वेगळा विषय आहे आणि त्यावर मी इथे लिहिणार नाही.

आपल्या किनाऱ्यावरचं कोणी असं जगलंय का? सगळी उदाहरणं परदेशातलीच का?

गोन्सालो गार्सिया. सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर वसईत जन्म, बाप पोर्तुगीज, आई इथली. लहानपणीच जेझुइट मिशनऱ्यांबरोबर जपानला गेला, भाषा शिकला, पुढे तिकडेच व्यापार केला आणि तो चांगला चालला. मग मनिलात जाऊन फ्रान्सिस्कन बंधू झाला, म्हणजे पुरोहितही नाही, साधा बंधू. जपानी येत होतं म्हणून दुभाषा होऊन जपानला परतला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत सव्वीस जणांना क्रुसावर मारलं, त्यांत तो होता. १८६२ मध्ये त्याला संत जाहीर केलं. भारतात जन्मलेला तो पहिला संत. मुलांना हौतात्म्याची गोष्ट आवडते. मी मात्र त्याआधीच्या दिवसाचा विचार करतो, ज्या दिवशी चाललेलं दुकान त्याने बंद केलं. तोट्यातलं दुकान बंद करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत.

मग खरं सुख कशात?

डोंगरावरच्या प्रवचनात येशू ‘धन्य’ म्हणतो ते आत्म्याने दीन, शोक करणारे, सौम्य, दयाळू अशांना. मूळ ग्रीक शब्द ‘मकारियोस’, त्यात सुखी हा अर्थही आहे. शोक करणारा सुखी? मुलं इथे अडतात आणि अडायलाच हवं.

संत थॉमस अक्वायनसचा युक्तिवाद मात्र त्यांना पटकन कळतो. पैसा दुसरं काही मिळवण्यासाठी असतो, तेव्हा तो शेवटचा मुक्काम कसा असेल? शिवाय जगातली वस्तू हातात आली की तिची किंमत मनातून उतरते आणि डोळा दुसरीकडे जातो. देवाचं उलट, जितका मिळेल तितकी ओढ वाढते. नवा मोबाइल घेतलेल्या मुलाला हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. संत ऑगस्टिनने देवाला उद्देशून लिहिलं की तुझ्यात विसावेपर्यंत आमचं अंतःकरण अस्वस्थच राहणार. आणि पौल तुरुंगातून लिहितो, भरल्यापोटी आणि उपाशी, दोन्ही तऱ्हांनी कसं राहावं हे मी शिकलो. ‘शिकलो’ म्हणतो. जन्मजात नव्हतं ते.

पृथ्वीवर धन साठवू नका, कसर आणि जंग खातो, या वचनात ‘जंग’ म्हणून आलेल्या ग्रीक शब्दाचा शब्दशः अर्थ ‘खाणं’ एवढाच आहे. म्हणजे वाळवीही त्यात बसते. खारं वारं पत्र्याचं काय करतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गेलं त्या सकाळी बागांत आंब्यांचा सडा होता आणि ज्याच्या घरावर कौलं उरली होती त्याच्याकडे सगळी वाडी चहाला.

कुमसार, म्हणजे पाद्रीजवळ पापांची कबुली, केला की सुटलो का?

पश्चात्तापाने क्षमा मिळते, पण घेतलेलं परत करावं लागतं. कॅथलिक शिकवण इथे सूट देत नाही. जक्कयाने चौपट परत करतो म्हटलं तेव्हाच ‘आज या घराला तारण मिळालं’ हे वाक्य आलं. बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकात शेजाऱ्याची मेर सरकवणाऱ्याला शाप आहे. गडगा दोन हात पुढे घातला असेल तर पाद्रीजवळ बोलून दगड आपोआप मागे येत नाहीत. गडी लावावे लागतात.

त्या फणसाचं पुढे काय झालं?

हल्ली हाच प्रश्न जास्त येतो. मोजणीचा अर्ज मी केला होता. मोजणी झाली, नकाशा आला, आणि फणसाचं खोड दीड हात त्यांच्या बाजूला निघालं. मी हरकतीचा अर्ज लिहिला. तो टेबलाच्या खणात आहे, अजून दिलेला नाही, फाडलेलाही नाही. या मेमध्ये काकीने नातवाच्या हातून दोन फणस पाठवले. एक आम्ही खाल्ला, एकाची साटं घातली.